धनुर्वाताची लस : हिशेब कोणी ठेवायचा?

खरिपाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील शेतमजुरांच्या हातापायांना जखमा होणे ही इतकी नित्याची बाब आहे की, तिची कोणी दखलही घेत नाही. निंदताना विळा लागतो, डवऱ्याचे पाते पायावर येते, पऱ्हाटीचे खुंट तळव्यात घुसतात. जखमेवर हळद किंवा चुना दाबून चिंधी बांधली जाते आणि काम पुढे चालू राहते. अशा जखमेनंतर धनुर्वाताची लस घ्यावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. परंतु थोडा विचार केला असता तो मुख्यतः नोंदीचा व व्यवस्थेचा प्रश्न आहे, असे दिसून येईल.

लोखंड लागले तरच 'सुई' घ्यावी, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः धनुर्वाताचे जंतू गंजात जन्म घेत नाहीत. त्यांचे बीजाणू मातीत आणि गुरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. गंजका खिळा घातक ठरतो तो त्याला चिकटलेल्या मातीमुळे आणि त्याने केलेल्या खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेमुळे. त्या दृष्टीने शेतातला बाभळीचा काटाही तितकाच भयावह होय. रोगाची लक्षणे बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसू लागतात. जबडा आखडतो, अंग धनुष्यासारखे ताणले जाते. आणि तोवर मूळ जखम कित्येकदा भरूनही आलेली असते.

वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नियम तसा अवघड नाही. जखम प्रथम साबण व पाण्याने स्वच्छ धुवावी, हे सर्वांनाच लागू आहे. ज्याने पूर्वी किमान ३ मात्रा घेतल्या आहेत, त्याला लहान व स्वच्छ जखमेसाठी शेवटच्या मात्रेला १० वर्षे उलटली असतील तरच नवी मात्रा लागते. माती, शेण लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी ही मुदत ५ वर्षांची आहे. ज्याच्या ३ मात्रा झालेल्या नाहीत, किंवा झाल्या की नाही हे सांगता येत नाही, त्याने कोणत्याही जखमेनंतर लस घ्यावी. जखम खोल किंवा मळलेली असल्यास त्याला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, कारण लशीचा परिणाम होण्यास वेळ लागतो.

खरी अडचण येथेच आहे. हा सारा नियम 'शेवटची मात्रा केव्हा घेतली?' या एका प्रश्नावर उभा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांजवळ असते. परिणामी एकीकडे शहरातील सुशिक्षित माणूस दर सहा महिन्यांनी, किरकोळ ओरखड्यासाठीही लस टोचून घेतो. तर दुसरीकडे जन्मभर मातीत राबणारा सालगडी एकदाही घेत नाही.

शासनाने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात १,००० जिवंत जन्मांमागे अशा अर्भकांचे प्रमाण एकाहून खाली आले. ही कामगिरी लहान नव्हे. तथापि या कार्यक्रमाचे वेळापत्रक १६ व्या वर्षी संपते. त्यानंतर स्त्रीला गरोदरपणी लस मिळते. पुरुषाची आठवण कोणालाच राहत नाही. १९८५ पूर्वी जन्मलेल्या अनेक शेतकरी-मजुरांच्या तर ३ मात्रा कधी पूर्णच झाल्या नसतील.

येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गोवरासारख्या साथीच्या रोगात शेजाऱ्याने घेतलेली लस काही अंशी आपलेही रक्षण करते. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे गावातील नव्वद जणांनी लस घेतली तरी उरलेल्या दहांच्या वाट्याला तिचा कणभरही लाभ येत नाही. सरासरीचे आकडे येथे कोणाचाही जीव वाचवू शकत नाहीत.

ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, असे कोणी म्हणेल. परंतु सरकारी केंद्रात लस विनामूल्य असली तरी मजुराचा दिवस विनामूल्य नसतो. मारेगाव-झरी भागातील एखाद्या कोलाम पोडावरून आरोग्य केंद्र गाठायचे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे आले. त्याने हळदीवर भागवले तर तो अडाणी नव्हे. समोर दिसणारा तोटा त्याने टाळला, इतकेच. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक बळी घेतले, तेव्हा शेतमजुराच्या सुरक्षिततेकडे साऱ्यांचे लक्ष गेले. बळी गेल्यावरच लक्ष द्यायचे, ही पद्धत आता तरी सोडली पाहिजे.

उपाय खर्चिक नाहीत. लस देताच तारखेची चिठ्ठी प्रत्येकाच्या हाती पडावी व केंद्रातही तिची नोंद राहावी. पेरणीपूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यांनी लस घेऊन बाजारात बसावे, आणि ज्यांच्या मात्रा अपुऱ्या आहेत त्यांचा क्रम पूर्ण करावा : दुसरी मात्रा ४ आठवड्यांनी, तिसरी ६ ते १२ महिन्यांनी. शेतमालकांनीही मजुराला त्या दिवसाची मजुरी कापून न घेता पाठवावे. बैलाला लस टोचली की नाही हे ज्यांच्या ध्यानात राहते, त्यांना बैलामागून चालणाऱ्या माणसाचाही हिशेब ठेवणे कठीण जाऊ नये.