बेब रूथचे ५४ आणि ओहतानीचे ५४

२०१८ च्या डिसेंबरात ॲडम ओटाविनो या अमेरिकी पिचरने एका पॉडकास्टमध्ये बोलता बोलता सांगून टाकले, की समोर बेब रूथ उभा असता तर आपण त्याला प्रत्येक वेळी बाद केले असते. रूथ जाऊन तेव्हा सत्तर वर्षे उलटली होती, तरीही बेसबॉलच्या जगात गदारोळ उठला. गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात ओटाविनोचा करार न्यूयॉर्क यांकीजशी झाला. ज्या संघाने रूथचा ३ हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला आहे, तोच हा संघ. हा धागा त्या वादाविषयी, आणि त्या वादात सहसा न विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाविषयी.

मराठी वाचकाला असा वाद नवा नाही. ब्रॅडमन आजच्या गोलंदाजीपुढे टिकला असता का, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागवल्या गेल्या आहेत. योगायोगाने हे दोघे भेटलेही होते: १९३२ च्या उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेला ब्रॅडमन न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये रूथच्या शेजारी बसून बेसबॉलचा सामना पाहत होता. अशा चर्चेत प्रत्येकजण मनातल्या मनात एक कालयंत्र चालवतो आणि जुन्या खेळाडूला उचलून आजच्या मैदानात आणतो.

या कालयंत्रात एक लबाडी दडलेली असते. त्यात केवळ माणसाचे शरीर बसते. त्याचा काळ मागेच राहतो. १८९५ मध्ये बाल्टिमोरमध्ये जन्मलेला आणि सातव्या वर्षी सेंट मेरीज या सुधारगृहवजा औद्योगिक शाळेत टाकला गेलेला मुलगा आजच्या आहारावर आणि प्रशिक्षणावर वाढला असता तर कसा खेळला असता, हे कोणालाही सांगता येणार नाही. उलट ओटाविनो हा राखीव पिचर, सामन्यात एखाददुसरा डाव टाकणारा. १९२० मध्ये नेऊन सोडले असते, तर नऊच्या नऊ डाव टाकण्याची अपेक्षा त्याच्याकडूनही केली गेली असती.

आजचा खेळ अधिक वेगवान आहे, यात मात्र वाद नाही. रूथच्या काळातला सर्वांत वेगवान मानला गेलेला पिचर वॉल्टर जॉन्सन. त्याच्या चेंडूचा वेग १९१२ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर मोजला गेला. तो ताशी सुमारे १३४ किलोमीटर भरला. ती मोजणी चेंडू बराच पुढे गेल्यावर झाली होती, त्यामुळे हातातून सुटतानाचा वेग नक्कीच अधिक असणार. तरीही आजच्या सर्वसाधारण पिचरचा वेगवान चेंडू सरासरी ताशी १५० किलोमीटर जातो. सव्वा किलोच्या आसपास वजनाची बॅट घेऊन उतरणाऱ्या रूथला ती बॅट तरी निश्चितच बदलावी लागली असती.

म्हणून इतिहासाचा अभ्यासक कालयंत्र बाजूला ठेवतो आणि वेगळे माप घेतो: तो खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता? या मापाने रूथकडे पाहिले, की डोळे दिपतात.

होमरन म्हणजे मैदानाच्या कुंपणापलीकडे थेट भिरकावलेला फटका. क्रिकेटमधल्या षटकाराचा भाऊबंद, पण त्याहून दुर्मिळ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो इतका दुर्मिळ होता, की फ्रँक बेकर या फलंदाजाला लोकांनी ‘होमरन बेकर’ असे नाव दिले, आणि त्याची एका हंगामातली सर्वोच्च कामगिरी होती अवघी १२. चेंडू मऊ, मळकट आणि तंबाखूच्या पिंकांनी काळवंडलेला असे. एकच चेंडू फाटेस्तोवर चाले. बॅट आखूड धरून चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून सारणे हीच शहाण्यांची फलंदाजी मानली जाई. टाय कॉब हा त्या शाळेचा आचार्य.

रूथ या शाळेत शिकलाच नाही, कारण तो मुळात पिचर होता, आणि उत्तम पिचर. १९१६ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून त्याने २३ सामने जिंकून दिले. पिचरच्या फलंदाजीकडून कोणाची फारशी अपेक्षा नसे. त्यामुळे बॅटच्या टोकाला हात धरून, सारे अंग झोकून, चेंडू वर उचलण्याची त्याची पद्धत कोणी मोडून काढली नाही. १९१९ मध्ये त्याने २९ होमरन मारले आणि १८८४ पासूनचा विक्रम मोडला. त्यानंतर तो यांकीजला विकला गेला. १९२० मध्ये त्याने मारले ५४.

त्याच्या लीगमध्ये त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर होता जॉर्ज सिसलर. त्याचे होमरन १९. त्या वेळच्या दोन प्रमुख लीगमधल्या १६ संघांपैकी १४ संघांना, संपूर्ण संघ मिळूनही, ५४ चा आकडा गाठता आला नाही. १९२७ मध्ये त्याने ६० मारले तेव्हाही अमेरिकन लीगमधला एकही प्रतिस्पर्धी संघ साठापर्यंत पोहोचला नव्हता.

याची कारणे परिस्थितीत शोधण्याचा प्रयत्न होतो, आणि ती काही प्रमाणात खरीही आहेत. चेंडूला थुंकी लावण्यावर १९२० च्या आरंभी बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रे चॅपमन हा फलंदाज डोक्यावर चेंडू लागून मरण पावला आणि मळका चेंडू वारंवार बदलला जाऊ लागला. पोलो ग्राउंड्स या यांकीजच्या तत्कालीन मैदानात उजव्या बाजूचे कुंपण ८० मीटरच्याही आत होते. डावखुऱ्या रूथला ते सोयीचे. परंतु नवा चेंडू सर्वांसाठीच नवा होता, आणि ते कुंपण यांकीजच्या इतर डावखुऱ्यांनाही तेवढेच जवळ होते. ५४ आणि १९ यांमधले अंतर कुंपणाने भरून निघत नाही. होमरन ही अपघाताने घडणारी गोष्ट नसून ठरवून करण्याची गोष्ट आहे, हे रूथने इतरांच्या कित्येक वर्षे आधी ओळखले होते.

आता आजचे आकडे. २०२४ मध्ये शोहेई ओहतानीनेही नेमके ५४ होमरन मारले. त्याच्या लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाचे होते ३९. २०२२ मध्ये ॲरन जजने ६२ मारले. लीगमधला दुसरा ४० वर होता. रूथ दुसऱ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट, तर हे दोघे दीडपट किंवा त्याच्या आसपास. बहुतेक तुलना येथे थांबतात, आणि रूथच्या गळ्यात माळ पडते.

येथे थांबणे चुकीचे आहे. समकालीनांशी तुलना करायची, तर ते समकालीन कोण आणि त्यांना निवडले कोणी, हे आधी विचारायला हवे.

रूथचा ५४ चा हंगाम सुरू होण्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी १९२० मध्ये, कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. ती स्थापन करावी लागली, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रमुख लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. असा कोणताही लेखी नियम नव्हता; मालकांमधला अलिखित समझोता पुरेसा होता. फॉस्टरच्या लीगमध्ये ऑस्कर चार्ल्सटन नावाचा खेळाडू होता, रूथहून एका वर्षाने लहान. ज्यांनी त्याला पाहिले त्यांच्यापैकी अनेकांच्या मते तो त्या काळचा सर्वांत परिपूर्ण खेळाडू. १९२० च्या त्या प्रसिद्ध यादीत सिसलरच्या वर त्याचे नाव आले असते की नाही, हे कळण्याची सोयच ठेवली गेली नाही.

यावर एक हिशेबी आक्षेप घेतला जातो: कृष्णवर्णीयांचे प्रमाण अमेरिकेच्या लोकसंख्येत दहा टक्क्यांच्या आसपास होते, मग त्यांच्या नसण्याने असा कितीसा फरक पडणार? उत्तर इतिहासानेच दिले आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूंना मिळाला: रॉबिन्सन, कॅम्पनेला, मेज, न्यूकम, ॲरन, बँक्स. कुंपणाबाहेर सरासरी माणसे उभी नव्हती.

रूथला यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल. समझोता त्याने केला नव्हता. हंगाम संपल्यावर गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांत तो कृष्णवर्णीय संघांविरुद्ध खुशाल खेळत असे. दोष माणसाचा नाही, पण मोजपट्टी सदोष आहे. आणि सदोष मोजपट्टीने काढलेला निष्कर्ष भक्तिभावाने उच्चारला म्हणून शुद्ध होत नाही.

दारे बंद नसली तरी जग दूर होते, हीदेखील एक बाजू आहे. १९३४ च्या नोव्हेंबरात रूथ, गेहरिग, फॉक्स असा अमेरिकेचा तारांगण संघ जपानच्या दौऱ्यावर होता. शिझुओका येथे एइजी सावामुरा या सतरा वर्षांच्या मुलाने गेहरिंगर, रूथ, गेहरिग आणि फॉक्स या चौघांना लागोपाठ बाद केले. गेहरिगच्या एकमेव होमरनमुळे अमेरिकी संघ १-० असा कसाबसा जिंकला. सावामुरा पुढे जपानी सैन्यात गेला आणि १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. ओहतानी त्याच देशातून येतो. आज अमेरिकेच्या प्रमुख लीगमधले एक चतुर्थांशाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत.

खेळाचा पाया असा रुंदावला, की शिखरे एकमेकांच्या जवळ येतात. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी ‘चारशे’च्या फलंदाजी सरासरीबाबत हेच दाखवले होते: १९४१ नंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणीही ती गाठली नाही, याचा अर्थ फलंदाज घसरले असा नसून सर्वांचाच दर्जा उंचावून त्यांच्यातले अंतर आटले, असा आहे. या दृष्टीने ओहतानीचे दीडपटीहून कमी अंतर रूथच्या तिपटीच्या तोडीचे, किंबहुना अधिक वजनदार मानायला हवे. शिवाय ओहतानी पिचरही आहे. एकाच हंगामात पिचर म्हणून दहा विजय आणि फलंदाज म्हणून दहा होमरन हे १९१८ मध्ये रूथने केले होते. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर ते थेट २०२२ मध्ये ओहतानीने केले. रूथने मात्र ती दुहेरी कामगिरी काही वर्षांतच सोडून दिली.

तेव्हा खेळाचे रूपच पालटून टाकणारा म्हणून रूथला तोड नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या कसोटीवर उतरलेला सर्वश्रेष्ठ म्हणून त्याला दिले जाणारे निर्विवाद स्थान मात्र टिकत नाही. हा भेद केवळ पंडिती नाही. हँक ॲरन रूथच्या कारकिर्दीतल्या ७१४ होमरनच्या जवळ पोहोचला, तेव्हा त्याला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे ढिगाने येऊ लागली. एप्रिल १९७४ मध्ये त्याने तो विक्रम मोडला तो संरक्षणाच्या छायेत. पत्रे लिहिणाऱ्यांना ७१४ हा नुसता आकडा वाटत नव्हता, हे उघड आहे.

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने नीग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतले. स्लगिंग, म्हणजे प्रत्येक फलंदाजीमागे मिळवलेल्या बेसची सरासरी, हे रूथचे खास राज्य. त्या यादीत आता जॉश गिब्सन ०.७१८ सह पहिला आहे आणि रूथ ०.६९० सह दुसरा. नीग्रो लीगचे हंगाम छोटे होते, नोंदी तुटक आहेत, म्हणून ही तुलना विषम आहे, अशी तक्रार लगेच सुरू झाली. तक्रारीत तथ्य आहे. पण हंगाम छोटे का राहिले आणि नोंदी तुटक का उरल्या, याचे उत्तर तक्रार करणाऱ्यांना ठाऊक असते. आणि सोळाच्या सोळा गोऱ्या संघांच्या लीगमध्ये झालेले ५४ विरुद्ध १९ विषम आहे, अशी तक्रार त्यांनी आजवर केलेली नाही. गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते.