‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोणाच्या शेतात?



जूनमध्ये पांढरकवड्याचा आठवड्याचा अंदाज येतो, ‘तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस’. तेवढ्यावर आम्ही सरकी टोबायला निघतो, ज्वारीची तिफण काढतो. पण वेधशाळेच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे शंभरातल्या फार तर 25 केंद्रांवर पाऊस, आणि तिथे 2.5 मिलिमीटर पडला तरी तो मोजला जातो. एवढ्याने ढेकूळसुद्धा फुटत नाही. कपाशी पेरायला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस हवा, असे कृषी विद्यापीठे सांगतात.

वेधशाळा खोटे बोलत नाही. पण ‘तुरळक ठिकाणी’ हा अंदाज गावाशिवाराचा नसतो. नाल्याच्या अलीकडे चिखल, पलीकडे धूळ, हे आम्ही दरसाल पाहतो. दुबार पेरणीचे कर्ज मात्र आमच्याच सातबाऱ्यावर चढते. त्यात 2024 साली देशभरातील जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रेही बंद करण्यात आली.

म्हणून या बैठकीत दोन ठराव करू. गावागणिक पर्जन्यमापक मिळालाच पाहिजे, ही मागणी सरकारकडे. आणि वीतभर ओल गेल्याशिवाय सरकी टोबायची नाही, हा निर्धार आमचा आमच्याशी.