विकलेल्या वस्तूची दुसरी वसुली

गाणी ऐकण्याचे नवेकोरे यंत्र घरी आणावे आणि चार महिन्यांत पडद्यावर सूचना यावी : अपडेट हवे तर पैसे भरा. या वसुलीची पाठराखण करणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचे मुद्दे एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा श्रमांचा. ‘मिरजेच्या कारागिराला जवारीचे पैसे देता, मग प्रोग्रामरने काय घोडे मारले?’ जवारीसाठी मिरजेत तंबोरा नेला की कारागीर तारा सैल करतो, तारांनी घोडीवर पडलेले चर घासून काढतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. ही झीज वाजवल्याने झालेली असते, दर वाद्यामागे त्याचा वेळ नव्याने खर्ची पडतो आणि काम पटले नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे जाते. सॉफ्टवेअरमधला दोष वापरून पडत नाही, तो कारखान्यातूनच येतो. तो एकदा काढला की लाखो यंत्रांना पुरतो. शिवाय दुसऱ्या कोणाला त्यात हात घालता येऊ नये, अशी तजवीज कंपनीनेच केलेली असते. श्रमांचे मोल द्यावेच, पण आपलीच चूक निस्तरण्याची मजुरी गिऱ्हाइकाकडे मागू नये.

दुसरा मुद्दा हिशेबाच्या नियमांचा. ॲपलचा आयपॉड टच सप्टेंबर २००७ मध्ये आला. जानेवारी २००८ मध्ये मेल, नकाशे, हवामान, शेअर बाजार आणि टिपणे अशी पाच ॲप्स निघाली. नव्या यंत्रांत ती आयतीच होती, आधी घेतलेल्यांना मात्र २० डॉलर पडले. कारण असे दिले गेले की आयफोनचे उत्पन्न दोन वर्षांवर विभागून दाखवतात, आयपॉडचे विक्रीच्या वेळीच; तेव्हा मागाहून फुकट सोय दिली तर हिशेब बिघडतो. नियम खोटा नव्हता. पण जानेवारी २००७ मध्ये याच नियमाकडे बोट दाखवून ॲपलने आपल्या संगणकांवरच्या वेगवान वाय-फायसाठी १.९९ डॉलर घेतले होते. म्हणजे नियमाला दोन डॉलरही चालत होते. २० चा आकडा कंपनीचा होता. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत हिशेबाचे नियम बदलले आणि जून २०१० मधली सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती टचवाल्यांना फुकट मिळाली. त्याने कंपनीचे दिवाळे वाजले नाही.

तिसरा मुद्दा : ‘जबरदस्ती कुठे आहे? नको तर घेऊ नका.’ जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले, पण टचवर ते हवे तर ९.९५ डॉलरची दुसरी आवृत्ती घेणे भाग होते. न घेणाऱ्याचे यंत्र बंद पडले नाही, मागे पडले. नाइलाजाला खुशीचा सौदा म्हणू नये.

मग कंपनीने पैसे मागूच नयेत का? जरूर मागावेत, पण हिशेब आधी सांगून. दोषांची आणि सुरक्षेची दुरुस्ती फुकट हवी आणि ती किती वर्षे मिळेल हे खोक्यावर छापलेले हवे. खरोखर नवी सोय असेल तर तिची किंमत खुशाल घ्या. मात्र ती न घेणाऱ्याचे जुने काम बिघडता कामा नये. मुदत संपली की यंत्र इतरांच्या सॉफ्टवेअरला मोकळे करा. रॉकबॉक्स या प्रकल्पाचे स्वयंसेवक २००१ पासून अशा प्लेयरांसाठी फुकट सॉफ्टवेअर लिहीत आले आहेत, तेव्हा हे स्वप्नरंजन नव्हे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. कंपनी कुठलीही असो, साताऱ्याच्या ग्राहकाला साताऱ्यात आणि सांगलीच्या ग्राहकाला सांगलीत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण तक्रारीला कागद लागतो. म्हणून साताऱ्यात पोवई नाक्यावर घ्या की सांगलीत मारुती रोडवर, पैसे मोजण्याआधी विचारा : अपडेट किती वर्षे, फुकट की विकत? उत्तर बिलावर लिहून मागा. दुकानदार कचरला, तर किंमत अजून पुरती सांगितलेली नाही असे समजा.