घरगुती विज्ञान : मोटारीच्या जुन्या भागांवरील गंज

आमच्या तीर्थरूपांची अँबॅसिडर गाडी कित्येक वर्षें पडवींत उभी होती. या गाड्यांचें उत्पादन २०१४ सालीं बंद पडलें. तेव्हां जुने भाग टाकून नवे आणण्यापेक्षां तेच स्वच्छ करावे, असें माझ्या पुतण्यानें मनांत घेतलें. हेतु उत्तम होता. परंतु त्यानें फरशी धुण्याच्या तेजाबांत बोल्ट, बिजागऱ्या आणि एक लहानशी स्प्रिंग हीं सारीं एकत्र रात्रभर बुडवून ठेविलीं. सकाळीं स्प्रिंग चांदीसारखी चमकत होती. पंधरा दिवसांनीं ती चालत्या गाडींत तुटली! ॲक्सिलरेटरवरील पाय उचलतांच त्यास मागें ओढण्याचें काम तिचें. त्यामुळें गाडीचा वेग उतरेना. मुलानें क्लच दाबून एंजिन बंद केलें, म्हणून निभावलें.

लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी यांच्या संयोगानें गंज होतो. मिठाच्या सान्निध्यांत ही क्रिया झपाट्यानें चालते. म्हणूनच कोंकणांत लोखंडास गंज लवकर चढतो. ॲल्युमिनियमवरील थर आंतील धातूचें रक्षण करतो. गंज मात्र सच्छिद्र असून त्याच्या खपल्या पडतात व आंतील लोखंड पुन्हां उघडें पडतें. गंजांत गेलेलें लोखंड परत येत नाहीं. उरलेलें वांचविणें एवढेंच आपल्या हातीं असतें.

प्रथम भाग कढत पाणी व धुण्याचा सोडा यांनीं धुऊन तेलकटपणा काढावा. सुट्या खपल्या तारेच्या ब्रशानें झाडाव्या. त्या वेळीं डोळ्यांस चष्मा लावावा व नाकास फडकें बांधावें. तांब्याचीं भांडीं आपण चिंचेनें उजळतों, त्याच तत्त्वाचा पुढें उपयोग होतो. एक लिटर पाण्यांत सुमारें ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत, विरघळवून त्यांत बिजागऱ्या, पट्ट्या, साधे बोल्ट बुडवावे. स्वयंपाकाचें भांडें यासाठीं घेऊं नये. दर तासानें पाहावें आणि गंज सुटतांच भाग बाहेर काढावे. अधिक वेळ ठेविल्यास आम्ल लोखंडच खाऊं लागतें. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुडवून, स्वच्छ धुऊन, तत्काळ कोरडे करून तेल लावावें. ओला भाग तसाच ठेविल्यास कांहीं मिनिटांतच पुन्हां तांबूस होतो. रंग द्यावयाचा असल्यास तेलाऐवजीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

खांचाखोंचा असलेल्या भागांस विजेची रीत बरी. प्लास्टिकच्या बादलींत दर लिटर पाण्यास एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालावा. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागास व धन तार लोखंडाच्या टाकाऊ तुकड्यास जोडावी. दोहोंचा स्पर्श होऊं देऊं नये. या रीतींत शाबूत लोखंड झिजत नाहीं. मात्र हायड्रोजन वायु निघतो, म्हणून हें काम उघड्या अंगणांत, विस्तवापासून दूर करावें, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करावी. टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा नसावा, कारण त्यांतील क्रोमियमचें विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें. सोड्याऐवजीं मीठ घातल्यास क्लोरीन वायु निघतो. ॲल्युमिनियमचे भाग यांत घालूं नयेत.

आतां मुख्य गोष्ट. आम्ल व वीज या दोन्ही रीतींत हायड्रोजन पोलादांत शिरूं शकतो आणि कठीण पोलाद ठिसूळ होतें. वरून तें कांहींच दिसत नाहीं. आमची स्प्रिंग अशीच फसवी चमकत होती! म्हणून स्प्रिंगा व भारी ताकदीचे बोल्ट यांस या रीती लावूं नयेत. फार गंजले असल्यास नवेच आणावे. ब्रेक व स्टिअरिंग यांच्या भागांस गंजानें खड्डे पडले असतील, तर ते कितीही उजळले तरी परत बसवूं नयेत.

मुलाबाळांच्या घरांत आणखी दोन पथ्यें पाळावीं. तेजाब आणि ब्लीच कधींही एकत्र करूं नये; त्यांतून विषारी वायु निघतो. तसेंच कोणतेंही आम्ल पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत भरून ठेवूं नये.

तुटलेली स्प्रिंग आम्हीं अवजारांच्या पेटींत मुद्दाम जपून ठेविली आहे. मुलें नवा भाग स्वच्छ करावयास घेतात, तेव्हां आधीं ती हातांत घेऊन पाहतात.