ताटाबरोबर उजेडही मोजा

वजन उतरवायचं म्हटलं की महाराष्ट्र फक्त ताटाकडे बघतो. दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीची घराघरांत चर्चा झाली. त्या चर्चेत उजेड मात्र कुठेच नव्हता, आणि तो यायला हवा. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१४ मधल्या ५४ जणांच्या पाहणीत, ज्यांना प्रखर उजेड सकाळी लवकर मिळत होता त्यांचा बीएमआय कमी आढळला. शरीरातलं घड्याळ उजेडावर लागतं. भूक, झोप, रक्तातली साखर त्याच्याच तालावर चालतात.

५४ माणसं फारच थोडी, आणि वजन उजेडामुळेच कमी होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच उजेड हा आहाराचा जोडीदार, पर्याय नव्हे; लाल दिव्याखाली झोपवून चरबी वितळवण्याच्या महागड्या पॅकेजात पैसे घालू नयेत. पण अंगणातला फुकटचा उजेड घ्यायला काय हरकत आहे? आंबेनळी घाटाखालच्या पोलादपूर-महाडकरांचा प्रश्न वेगळा: जुलैत ऊन आणायचं कुठून? पडवीला ताडपत्री बांधली की घरात भरदिवसा दिवा लावावा लागतो. तरीही ढगाळ आभाळाखाली सहसा हजारो लक्स उजेड असतो, ट्यूबखाली जेमतेम काही शे. तेव्हा सकाळचा चहा पडवीच्या उघड्या बाजूला घ्या, रात्रीचं जेवण लवकर उरका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.