पंगत, पाल आणि घड्याळ

गेल्या वैशाखात एका लग्नघरची चाळीसेक माणसे संध्याकाळी माझ्या दवाखान्यात येऊन थडकली. कुणी टेम्पोतून, कुणी जीपमधून. दुपारी दीडला जेवलेली मंडळी चारच्या सुमारास ओकू लागली होती. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि जो तो एकच सांगत होता : बासुंदीत पाल पडली. पाल कुणी पाहिली? कुणीच नाही. पण आचाऱ्याच्या हाताखालच्या पोराला तोवर चार थपडा बसल्या होत्या.

आता पालीची वकिली मला करायची नाही. तिच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू अन्नात येऊ शकतात. परंतु आपल्या घरातली पाल विषारी नसते, आणि साल्मोनेलाचा त्रास सहसा सहा तासांच्या आत सुरू होत नाही. दोन-तीन तासांतच माणसे ओकू लागली, तर संशय दुसरीकडे न्यावा लागतो.

मी यजमानांना विचारले, ‘‘बासुंदी केव्हा केली?’’

‘‘आदल्या रात्री अकराला उतरवली. पण डॉक्टर, वाढण्याआधी पुन्हा चांगली उकळी आणली होती हो!’’

इथेच आपण सारे फसतो. रात्री बासुंदी उतरवल्यावर त्या पोराने चारोळी, वेलची हाताने घातली. त्याच्या बोटाला विळी लागून चिंधी बांधलेली. जखमेत, फोडात, अगदी निरोगी माणसाच्या नाकातही स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. असे जंतू कोमट दुधात वीस मिनिटांनी दुप्पट झाले, तर एकाचे सात तासांत वीस लाख होतात. ते अन्नात विष सोडतात. उकळीने जंतू मरतात, विष मात्र तसेच राहते. ना वास, ना चवीत फरक. नक्की सांगायला बासुंदीचा नमुना तपासायला हवा होता. पण ती रागाच्या भरात उकिरड्यावर ओतून झाली होती.

माझ्या मते मार त्या पोराला बसायला नको होता. मुहूर्ताआधी सगळे तयार हवे, ही घाई यजमानांची. मांडवाला, बँडला आपण पैसे मोजतो. आचाऱ्याला हात धुवायला साबण देतो का? बर्फाच्या लाद्या सरबतासाठी येतात, बासुंदीच्या पातेल्याभोवती लावायला येत नाहीत. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ठेवायचेच तर 60 अंशांवर गरम, नाहीतर 5 अंशांखाली थंड. रात्रीच्या भातालाही हेच लागू. त्यातल्या काही जंतूंची बीजे शिजूनही जिवंत राहतात.

त्या दिवशी प्रत्येकाला सलाईन हवे होते. खरी गरज होती ती एका सहा वर्षांच्या मुलीला, आणि तिला आणले रात्री नऊला! पाणी दिले की उलटी होते, म्हणून आजीने पाणीच बंद केले होते. डोळे खोल गेलेले, दुपारपासून लघवी नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवली, तिसऱ्या दिवशी घरी आली. चमच्या-चमच्याने जलसंजीवनी पाजली असती तर बहुधा ही वेळ आली नसती. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला असता सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर भिस्त ठेवली आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आले.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नये. शौचातून रक्त, सडकून ताप, लघवी बंद, किंवा रोगी तान्हे मूल, गरोदर बाई वा म्हातारे माणूस असेल तर थेट दवाखाना गाठावा.

परवा तेच यजमान धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. पंगतीला गोड काय ठेवावे, म्हणून विचारत होते. मी म्हटले, ‘‘जिलेबी ठेवा. कढई मांडवातच लावा.’’