वरातीमागून परवानगी

आधी बांधायचे, मग इथे बांधू का म्हणून विचारायचे. पर्यावरण परवानगीचा हा उलटा क्रम सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरवला होता. न्या. अभय ओक यांनी निवृत्तीच्या आठच दिवस आधी, न्या. उज्जल भुयान यांच्यासह दिलेला तो निकाल १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा मताने मागे घेण्यात आला. जेमतेम सहा महिने टिकला बिचारा. बिल्डरांच्या ‘क्रेडाई’ने दार ठोठावले आणि ते उघडले.

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी मांडलेला हिशेब असा, की जुना निकाल कायम ठेवला तर सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. त्यात ओडिशातील ९६२ खाटांचे ‘एम्स’ आहे, कर्नाटकातला विमानतळ आहे. आकडा ऐकून कोणाचाही जीव दडपेल. पण हे प्रकल्प कोणाचे? सरकारचे. पूर्वपरवानगीचा नियम कोणाचा? सरकारचाच. म्हणजे सरकारने स्वतःचा नियम मोडला आणि मोडताना इतका पैसा ओतला, की आता तो पाळणे देशाला परवडत नाही! चोरी जितकी मोठी तितकी ती पचायला सोपी, हा नवा न्याय झाला.

पूर्वपरवानगीतला ‘पूर्व’ हा शब्द २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत शोभेला घातलेला नाही. प्रकल्पाआधी परिसरातल्या विहिरीचे पाणी, हवा, माती तपासायची असते. मग गावात मांडव घालून जनसुनावणी होते, समोर जिल्हाधिकारी बसतात आणि एखादा शेतकरी ‘आमच्या ओढ्याचं काय?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला किंमत आहे, कारण उत्तर ‘नाही’ असू शकते. धुराडे पेटल्यानंतर तपासायचे काय? विहिरीचे पाणी आधी कसे होते, हे आता विहीरही सांगू शकत नाही. नासलेले पाणीच ‘मूळ स्थिती’ म्हणून अहवालात चढते. मांडव घातला जाईलही, पण शेतकऱ्याच्या प्रश्नाला तेव्हा काय अर्थ उरला?

आणि शिक्षा? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२१ च्या कार्यपद्धतीनुसार प्रकल्पखर्चाच्या एक टक्का, प्रकल्प चालू झाला असेल तर वर उलाढालीच्या पाव टक्का. आपण होऊन कबुली दिली की निम्मी सूट. फ्लॅट विकून देणारा दलालही याहून जास्त घेतो. मागाहून परवानगी घेण्याची २०१७ ची सवलत सहा महिन्यांची आणि ‘एकदाच’ असल्याचे मद्रास उच्च न्यायालयात सांगणारे हेच मंत्रालय. त्यांचे ‘एकदाच’ २०२१ मध्ये पुन्हा उगवले. भोपाळनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण कायद्यात पाच वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या ‘जनविश्वास’ कायद्याने तीही दंडावर आणली. जनविश्वास म्हणे!

महाराष्ट्राला या साऱ्याचे नवल वाटू नये. नियमितीकरण ही आपली जुनी कुलदेवता. गुंठेवारी नियमित करण्याची मुदत २००१ वरून थेट २०२० पर्यंत सरकवली, झोपड्यांची १९९५ वरून २०००, मग २०११. लवासात डोंगर आधी पोखरले गेले, केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये काम अडवले आणि वर्षभरात अटींसह मंजुरी दिली. कुलाब्यातली ३१ मजली ‘आदर्श’ इमारत पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. ती समुद्राचा वारा खात उभी आहे.

पाडल्यानेही प्रदूषण होते, असा एक युक्तिवाद आहे. होते. केरळात मराडूचे चार गृहप्रकल्प जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांत पाडले, त्याचीही धूळ उडाली आणि बसली. न्या. भुयान यांनी भिन्नमतात दिल्लीच्या जीवघेण्या धुरक्याची आठवण करून दिली आहे. ते धुरके मात्र दरवर्षी येते आणि बसत नाही.

प्रकरण नव्याने ऐकले जावे, असे नोव्हेंबरच्या निकालाने ठरवले. खंडपीठाने मंत्रालयाकडून एवढेच मागवावे: त्या २० हजार कोटींच्या कामांचे कार्यादेश, आणि परवानगी नसताना त्यांवर सह्या करणाऱ्यांची नावे.